मागच्या एका चाकावर सायकल उभी राहते तरी कशी?

मोबाइलवर रील सरकवता सरकवता हा प्रकार कधी ना कधी समोर येतोच. सीट नसलेली एक बुटकी सायकल, तिच्या मागच्या चाकावर उभा असलेला माणूस, आणि पुढचं चाक त्याच्या छातीसमोर हवेत. सायकल पुढे जात नाही. तो जागच्या जागी टुणटुण उड्या मारतो, क्षणभर थबकतो आणि एकदम समोरच्या कठड्यावर जाऊन उतरतो. खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: "एडिटिंग आहे", "चाकात मोटर असणार", "चाक फिरतच नाही, मग तोल राहील कसा?"

पहिल्या दोन सोडून देऊ. तिसरी शंका मात्र रास्त आहे, आणि तिचं उत्तर कळलं की हा प्रकार शिकायचा कसा हेही बरंचसं कळतं.

ट्रायल्स म्हणजे काय?

ही कोर्टातली ट्रायल नव्हे. खडक, ओंडके, भिंती, लोखंडी पाइप अशा अडथळ्यांवरून पाय जमिनीला न टेकवता सायकल न्यायची, हा ट्रायल्स नावाचा खेळ. मूळ खेळ मोटरसायकलचा. ब्रिटनमधल्या यॉर्कशरमध्ये 1914 पासून चालत आलेली स्कॉट ट्रायल ही त्यातली जुनी शर्यत. सायकलवर तो आला 1970 च्या दशकात, स्पेनच्या कातालोनिया प्रांतात. माँतेसा या मोटरसायकल कंपनीशी जोडलेल्या पेरे पी यांनी आपला मुलगा ओत पी याला मोटरसायकलवर बसवण्याआधी त्याच कसरती सायकलवर करायला लावल्या. पोरगं पुढे सायकलवरच जगज्जेतं झालं. बाकीच्या जगाला हे वेड लागलं ते 2009 मध्ये, स्कॉटलंडच्या डॅनी मॅकअस्किलचा एडिंबरा शहरात चित्रित केलेला व्हिडिओ इंटरनेटवर आला तेव्हा. त्या वेळी तो तिथल्या एका सायकल दुकानात मेकॅनिक होता.

या खेळाची बाराखडी म्हणजे मागच्या चाकावर उभं राहणं. कठडा चढायचा, दोन दगडांमधली फट ओलांडायची किंवा उंचावरून खाली उतरायचं, सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

म्हणजे व्हीलीच ना?

नाही. व्हीली मारताना सायकल पुढचं चाक उचलून पुढे धावत असते. सायकल मागे कलंडायला लागली की ब्रेकला हलकासा स्पर्श, पुढचं चाक खाली यायला लागलं की पेडलवर जोर, असं सतत चालू असतं. ट्रायल्समध्ये मागचा ब्रेक करकचून आवळलेला असतो. चाक जाम. इथे ब्रेक थांबण्यासाठी वापरत नाहीत, उभं राहण्यासाठी वापरतात. व्हीली येणाऱ्याला सायकल उचलायची भीती वाटत नाही, एवढाच त्याचा इथे फायदा. उलट, ब्रेक हलका धरायची त्याची सवय आधी मोडावी लागते.

चाक फिरत नसताना तोल कसा?

सायकल उभी राहते ती फिरत्या चाकामुळे, भोवऱ्यासारखी, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते अर्धवट खरं आहे. 2011 मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एक सायकल बनवली. तिच्यात उलट्या दिशेने फिरणारी जादा चाकं बसवून भोवऱ्याचा परिणाम रद्द केला होता. तरीही ढकलून सोडल्यावर ती आपली आपण तोल सावरत गेली. धावती सायकल सावरते ती मुख्यतः वळून. डावीकडे पडायला लागली की हँडल डावीकडे जातं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात.

सगळ्या तोलाचं मर्म हेच आहे: वजनाचा मध्य जिकडे सरकेल तिकडे खालचा आधार न्यायचा. तळहातावर काठी उभी धरताना हात असाच पळवावा लागतो.

मग जाम झालेलं चाक वजनाखाली न्यायचं कसं? उत्तर आपल्या अंगणातच आहे. लंगडी आठवा. एका पायावर निश्चल उभं राहायला सांगितलं तर थोड्याच वेळात पाय थरथरायला लागतो, पण लंगडी घालत पोरं मैदानभर पळतात. लंगडीत प्रत्येक उडीला पाऊल नव्या जागी टेकतं, त्यामुळे आधीच्या क्षणी तोल जिकडे ढळला असेल तिकडे ते टाकता येतं. ट्रायल्समधली टुणटुण ही सायकलवरची लंगडी. ज्या बाजूला पडताय, त्या बाजूला चाक टाका.

हवेत असताना चाक सरकवणं सोपं जातं, कारण सायकल 8 ते 10 किलोची आणि माणूस साठ-सत्तरचा. उडीत पायांनी आणि हातांनी सायकल ढकलली की हलते ती मुख्यतः सायकल. माणूस जवळपास तिथेच राहतो.

पाव सेकंदाचा हिशोब

मागच्या चाकावर उभ्या माणसाच्या वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण 1.1 ते 1.2 मीटरवर असतो. एवढ्या उंचीची वस्तू कलंडायला लागली की तिचा कल ढोबळमानाने दर पाव सेकंदाला दुप्पट होतो. पाच फुटी काठी तळहातावर साधारण याच वेगाने कलंडते. पेन्सिलीचा कल मात्र सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यातच दुप्पट होतो, म्हणून काठी पेलते आणि पेन्सिल पेलत नाही.

डोळ्यांनी पाहून शरीराने प्रतिसाद द्यायलाही जवळपास पाव सेकंदच लागतो. म्हणजे "पडतोय" हे कळून सावरेपर्यंत चूक दुप्पट झालेली असते. म्हणून अनुभवी माणूस पडण्याची वाट पाहत बसत नाही. तो ठेक्यात, सेकंदाला साधारण दोन छोट्या उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीत थोडी दुरुस्ती करतो. दुरुस्ती लहान असेल तर पाहणाऱ्याला ती दिसतही नाही. त्याला वाटतं, गडी उगाच नाचतोय.

सायकल एवढी विचित्र का?

सीट नाही, कारण या खेळात बसायचंच नसतं, आणि उडीत सीट पोटात किंवा मांडीत लागते. हँडल उंच आणि पुढे असतं. पेडलांचा आस चाकांच्या आसांपेक्षा काही सेंटीमीटर वर असतो. मागच्या चाकाचा आस पेडलांच्या आसाच्या अगदी जवळ, साधारण 35 ते 38 सेंटीमीटरवर, म्हणून पुढचं टोक सहज वर येतं. स्पर्धेत 20 इंची आणि 26 इंची असे दोन वर्ग आहेत. खरी गंमत आहे ती ब्रेक, फ्रीव्हील, दात आणि टायर यांत.

*ब्रेक.* एका बोटाने आवळला की चाक तसूभरही हलता कामा नये. त्यासाठी अनेक जण तेलावर चालणारे रिम-ब्रेक वापरतात आणि रिमची बाजू ग्राइंडरने चक्क खरवडून घेतात. आवाज कानठळ्या बसवणारा येतो, पण पकड घट्ट बसते. काही जण डिस्क लावतात. तपासणी सोपी आहे: सायकलच्या बाजूला उभे राहा, मागचा ब्रेक एका बोटाने धरा आणि हँडल मागे खेचा. पुढचं चाक वर आलं पाहिजे. त्याऐवजी मागचं चाक गरगरत मागे आलं, तर त्या ब्रेकवर उभं राहू नका.

*फ्रीव्हील.* पेडल मागे फिरवलं की "कटकट" करणारा भाग. साध्या सायकलीच्या फ्रीव्हीलमध्ये एका फेऱ्यात अठरा-वीस खटके असतात. असं फ्रीव्हील ट्रायल्सच्या सायकलीला लावलं, तर पेडल दाबल्यावर ते पकड घेईपर्यंत पाय 5-6 सेंटीमीटर रिकामा जाऊ शकतो. पाव सेकंदाच्या खेळात एवढी रिकामी जागा म्हणजे घात. ट्रायल्सच्या फ्रीव्हीलमध्ये 72 किंवा 108 खटके असतात. 108 असतील तर पाय जेमतेम 1 सेंटीमीटर रिकामा जातो. हे फ्रीव्हील मागच्या चाकात नसून पुढे, क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) असतं. तिथे जागा मोठी मिळते आणि मागे हवी तेवढी लहान दातेरी चकती बसवता येते.

*दात.* 26 इंची सायकलीत चेनच्या पुढच्या चकतीला 18 आणि मागच्या चकतीला 15 दात, हा नेहमीचा जोड. पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते. आपल्या दूधवाल्याच्या सायकलीत पुढे 44, मागे 18 असले तर तीच पाच मीटरच्या वर जाते. रस्त्यावर ते चांगलं, पण उभ्या जागी झटका द्यायला फार जड.

*टायर.* मागचा अडीच इंच रुंद आणि हवा 20 पीएसआयच्या आसपास. माणूस अधिक सायकल 90 किलो धरली, तर या दाबाला टायरचा साधारण 64 चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकतो, एटीएम कार्डापेक्षा थोडा मोठा. हवा 50 पीएसआय भरली तर तोच 26 वर येतो. आधार आक्रसतो आणि टायर दगडासारखा उसळतो. फार कमी हवेत मात्र रिम दगडावर आपटते आणि ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात. वजनाप्रमाणे एक-दोन पीएसआय वर-खाली करत बघावं लागतं.

माझी गिअरची सायकल चालेल का?

सुरुवातीला, हो. जुनी 26 इंची माउंटन बाइक चालते, पण फ्रेम धड हवी. मागे शॉकअप असेल तर नको, कारण उडी मारायचा सगळा जोर तो गिळतो. सीट पूर्ण खाली. पुढे सर्वांत लहान चकती, साधारण 22 दातांची, आणि मागे 18 ते 20 दातांची, म्हणजे प्रमाण ट्रायल्सच्या जवळ जातं. हवा 30 पीएसआयच्या आसपास ठेवा, त्या टायरला याहून कमी सोसत नाही. ब्रेक पॅड नवे आणि रिम स्पिरिटने पुसलेली हवी.

तोल आणि उड्या यावर शिकता येतील. पुढे येणारी पेडल किक (पेडलवर झटका देऊन चाक पुढे नेणं) मात्र या सायकलवर जोरात मारू नये. गिअरची चेन अशा झटक्याला दातांवरून सटकते आणि तुम्ही थेट हँडलवर आदळता. दांडीच्या ब्रेकची जुनी काळी सायकल मात्र यासाठी नकोच. आणि मोटरसायकलवर हे करून पाहायचा विचारही नको. शंभर-दीडशे किलो अंगावर आले तर मागे उतरायला वेळ मिळत नाही.

शिकायचं कसं?

जागा सपाट आणि मऊ, तुडवलेलं गवत उत्तम. ओलं गवत नको, वाळू नको. हेल्मेट, नडगीचे पॅड आणि हातमोजे लागतातच. पेडलला खिळे असतात आणि ते नडगीवर आपली सही करून जातात.

आधी तुमचा हुकमी पाय ओळखा. पेडल न मारता, सायकल नुसती घरंगळू देत पेडलांवर उभे राहिलात की जो पाय आपोआप पुढे राहतो तो. पुढे सगळं त्याच पायाने. मागचा पाय नुसता सोबतीला, आणि यामागे यंत्राचं कारण आहे. मागचा ब्रेक आवळलेला असताना पुढचं पेडल पायरीसारखं घट्ट असतं. मागच्या पेडलवर जास्त वजन टाकलं की फ्रीव्हील उलटं फिरतं आणि तुम्ही खचकन खाली जाता. नवशिक्याला वाटतं ब्रेक सुटला. सुटलेला असतो पाय.

पहिला टप्पा दोन्ही चाकांवर उभं राहण्याचा. क्रँक आडवे, हुकमी पाय पुढे, पुढचं चाक थोडं त्याच पायाच्या बाजूला वळवलेलं. किंचित चढ असेल तर आणखी सोपं. तीस सेकंद पाय न टेकता उभं राहता आलं की पुढे जा. हा टप्पा गाळून थेट चाक उचलणारे नंतर महिनोन्महिने बाजूला पडत राहतात.

दुसरा टप्पा दोन्ही ब्रेक आवळून दोन्ही चाकांवर उड्या मारण्याचा. गुडघे वाकवून टायर दाबायचा आणि तो उसळला की अंग हलकं करायचं. सायकल हाताने ओढायची नाही. हळूहळू उडीत मागचं चाक डावीकडे-उजवीकडे वीतभर सरकवायला शिका. पुढे जीव वाचवणारी सवय इथेच लागते.

तिसरा टप्पा वर येण्याचा. चालण्याच्या वेगाने जा. उजवा पाय हुकमी असेल तर उजव्या बाजूने पाहता क्रँकवर घड्याळाचे दोन वाजले असतील अशा जागी पेडल आणा. गुडघे वाकवून थोडे खाली बसा, मग तीन गोष्टी एका दमात: पेडलवर झटका, कंबर मागे, हात सरळ. पुढचं चाक वर येऊन वजन मागच्या आसावर पोचलं की त्याच क्षणी मागचा ब्रेक पूर्ण आवळा. ब्रेक लवकर लागला तर चाक वर येतच नाही. उशीर झाला तर सायकल पायाखालून पुढे पळते. सुरुवातीला उडी मारायचीच नाही. वर यायचं, ब्रेक आवळायचा, पुढचं चाक खाली टेकू द्यायचं. हे वीस-पंचवीस वेळा, मग विश्रांती.

वर असताना स्थिती अशी हवी: हात सरळ पण कोपर कुलूप लावल्यासारखे ताठ नाहीत, गुडघे थोडे वाकलेले, कंबर मागच्या आसाच्या वर, नजर तीन-चार मीटर पुढे. चाकाकडे पाहिलंत की मान खाली, खांदे पुढे आणि पुढचं चाक जमिनीवर.

चौथ्या टप्प्यात वर आल्यावर एक उडी मारून खाली. मग दोन, मग तीन. उडी 3 ते 5 सेंटीमीटरची पुरे. आकडा मोजत वाढवा, कारण मोजल्याने ठेका पक्का होतो.

काय काय बिघडतं?

पुढचं चाक सारखं खाली येतं, ही सर्वांची पहिली तक्रार. बहुतेक वेळा कोपर वाकलेले असतात. हाताने सायकल छातीकडे ओढली की छातीही सायकलकडे जाते, म्हणजे वजन पुढे गेलंच. हात म्हणजे दोर समजा आणि त्याला मागे लटका. ताकद कमी पडतेय असं समजून दंड कमवायला लागू नका.

उड्या मोठ्या मोठ्या होत जातात, हे घाबरल्याचं लक्षण आहे. हवेत जास्त वेळ म्हणजे दुरुस्तीला उशीर, मग आणखी मोठी चूक आणि आणखी मोठी उडी. अशी साखळी लागली की थांबा, चाक टेकवा, नव्याने सुरू करा.

सायकल दर उडीला एकाच बाजूला गोल फिरते? पुढचं चाक हवेत कुठे वळलंय ते कोणाला तरी पाहायला सांगा. हँडलवर एका हाताचा जोर जास्त असतो, बहुधा ब्रेकच्या हाताचा. लिव्हर एका बोटापुरती ठेवा, उरलेल्या बोटांनी मूठ धरा. चार बोटं ब्रेकवर अडकली की हँडल धरायला उरतं काय?

आणि ब्रेक कधी कधी "कच" करून घसरतो. रिमवर चेनचं तेल उडालेलं असतं किंवा पॅडचं तोंड चकचकीत झालेलं असतं. पॉलिश पेपरने पॅड घासा. पावसाळ्यात ओल्या रिमवर सराव नको, कारण रिम-ब्रेक ओला झाला की सगळा हिशोब बदलतो.

पेडल किक: खरी किल्ली

नुसत्या उड्यांनी मागे-बाजूला सावरता येतं, पण पुढे पडायला लागल्यावर उडी अपुरी पडते. तेव्हा ब्रेक क्षणभर सोडायचा, पुढच्या पेडलवर झटका द्यायचा आणि चाक वजनाखाली आलं की पुन्हा आवळायचा. क्रँकचा आठवा हिस्सा फिरला तरी 18-15 च्या जोडावर चाक सुमारे 30 सेंटीमीटर पुढे जातं. एवढं पुरतं. मग टायर टेकायच्या आत पेडल उलटं फिरवून पुन्हा आडवं करायचं, नाहीतर पुढच्या किकला पाय खाली गेलेला सापडतो. फट ओलांडायची उडी म्हणजे हीच किक, फक्त जास्त पुढे झुकून आणि पाय पूर्ण ताणून.

पुढचं चाक टेकायच्या बेतात असताना किक मारून ते पुन्हा वर आणता आलं, की उड्यांचा आकडा एकदम वाढतो. पाच-सहावर अडकलेले लोक बहुधा इथेच अडकलेले असतात.

मग काही जण उडी न मारता स्तब्ध कसे उभे राहतात?

काही जाणकार दोन-चार सेकंद खरंच हलत नाहीत असं वाटतं. नीट पाहा: गुडघा बाहेर-आत होतो, हवेतलं पुढचं चाक डावी-उजवीकडे झुलतं. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या हातातली काठी हेच करते. काठी एका बाजूला झुकवली की शरीर दुसऱ्या बाजूला ढकललं जातं. यात सावरण्याची मर्यादा फार थोडी, एटीएम कार्डाएवढ्या त्या जागेपुरतीच. ती ओलांडली की उडी मारावीच लागते. म्हणून आधी उडी शिका, स्तब्धता नंतर. उलट क्रमाने गेलात तर सावरायचं साधनच हातात नसतं.

मागे पडलो तर?

हीच भीती लोकांना कंबर मागे टाकू देत नाही, म्हणून पडण्याचा सरावही मुद्दाम करावा लागतो. पट्ट्याने बांधलेले किंवा क्लिपचे पेडल अजिबात नकोत, पाय मोकळे हवेत. मागे जातोय असं कळलं की हँडल सोडू नका. दोन्ही पाय मागच्या चाकाच्या दोन बाजूंना जमिनीवर टाका आणि सायकल समोर उभी धरा. गवतावर हे दहा-पंधरा वेळा मुद्दाम करा: वर या, जास्तच मागे जा, उतरा. हात मागे टेकायची इच्छा होईल, ती दाबा. मनगटं मोडतात ती त्यामुळेच. पुढे पडताना मात्र सायकल पायांमधून जाऊ द्यायची नाही, कारण हँडल धरून ठेवणारा दांडा, स्टेम, तिथेच असतो. दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून उतरा.

सराव एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. त्यानंतर मनगटाखालचे स्नायू दगड होतात, ब्रेकवरचं बोट उशिरा आवळतं आणि पाव सेकंद हातचा जातो. दुसऱ्या दिवशी सायकल काढण्याआधी चेनच्या कड्या बोटाने चाचपून घ्या. एखादी अडखळत असेल तर त्या दिवशी फक्त उड्या, किक नाही.